नऊ नऊ नऊ पाच आठ

पुलानंतरच्या वळणावर धाकटीचं स्टिअरिंग आपोआप फिरलं. मी ट्रकच्या खिडकीपाशी बसले होते आणि बाजूच्या आरशात ती मागून येताना पुरती दिसत होती: गोल दिवे, घासून चकचकीत केलेली जाळी, पुढची काच आणि काचेआड ड्रायव्हरची रिकामी सीट. दादाने ट्रक डावीकडे घेतला, तसं त्या रिकाम्या सीटसमोरचं पातळ काळं चाक डावीकडे गेलं, जरासं थांबलं आणि वळण संपल्यावर आपल्या जागी परत आलं. लहानपणी झोका वर जाताना पोटात व्हायचं तसं झालं. भीती वगैरे नाही. उलट इतकी गंमत वाटली की मी बाबांना सांगणारच होते, बघा, तुमची धाकटी आता स्वतःच चालवायला लागली. पण ते मधल्या सीटवर गुडघ्यांवर हात ठेवून, मान किंचित तिरकी करून बसले होते. सकाळपासून त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू होतं ते मोडायला नको वाटलं. मी पुन्हा आरशात पाहिलं. आत कुणी नाही आणि तरी स्टिअरिंग फिरतंय, पुढची चाकं फिरताहेत, मागची फिरताहेत, मागच्या चाकांबरोबर तिच्या पोटाखालचा तो लांब दांडा फिरतोय, असं मी मनाशी मजेत म्हणत गेले, आणि दांड्याच्या टोकाशी पोचले तशी थबकले. दांड्याच्या टोकाशी गिअरबॉक्स असतो, आणि तिथूनच एक बारीक केबल वर मीटरला जाते. इंजिन बंद, गिअर न्यूट्रलला, आत माणूस नाही, आणि मीटर मात्र घर सोडल्यापासून इमानेइतबारे मोजत होता.

धाकटी म्हणजे आमची गाडी. आई तिला सवत म्हणायची, कारण लग्नानंतर तिसऱ्या वर्षी बाबांनी ती घरी आणली आणि पुढे कित्येक दिवस जेवणाचं ताट सरकवून ते आधी तिच्याकडे जायचे. आई थोरली, तर मग ही धाकटी, हे नातं दादाने शाळेत जायच्या वयात शोधून काढलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. आम्हा दोघा भावंडांपेक्षा ती वयाने मोठी. बाबांना तिच्याबद्दल एकच खंत होती. शोरूममधून ताब्यात घेतली तेव्हा तिच्या मीटरवर तेवीस आकडा होता. गोदामापासून शोरूमपर्यंत कुणीतरी चालवत आणली असणार, त्यात वावगं काहीच नव्हतं. पण नव्याकोऱ्या गाडीचे पाच शून्य आपण पाहिले नाहीत ही गोष्ट त्यांनी जन्मभर मनाला लावून घेतली. पाहुण्यांना गाडी दाखवताना तेवीसची हकिगत यायचीच, आणि आई आतून म्हणायची, सवतीचं बाळपण बघायचं राहिलं हो यांचं. मीटर पाच आकड्यांचा. नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णवच्या पुढे त्याला जाता येत नाही, तिथे तो सगळाच्या सगळा उलटतो आणि पुन्हा शून्यावर येतो. म्हणजे थांबण्याची तयारी असेल तर शून्य भेटणार होते. बाबा थांबले. आईही त्यांच्याबरोबर थांबली होती. सात वर्षांपूर्वी, ब्याण्णव हजारांच्या जरा पुढे, तिचं थांबणं संपलं.

यंदाच्या सुट्टीत शून्य येणार हे दिसायला लागलं, तसं ते कुठे यावेत यावर बाबांचं ठरलं. गाडी घेतल्यावर ती दोघं पहिल्यांदा ज्या तलावावर गेली होती, तिथे. तलावाभोवती रस्ता आहे. बाबांनी मला नकाशावर दोरा धरून तो मोजायला लावला. एकोणचाळीस किलोमीटर भरला. वर तीन इकडेतिकडे धरू, म्हणाले. दोन महिन्यांपूर्वी मीटरने ९९९५८ दाखवले, म्हणजे बरोबर बेचाळीस उरले, आणि त्या दिवशी आम्ही धाकटी जिन्याशेजारी उभी केली ती तिला जागची हलवली नाही. रोज सकाळी बाबा कठड्याला धरून खाली जायचे, दहा मिनिटं इंजिन चालू ठेवायचे, मीटरची काच रुमालाने पुसायचे आणि वर येऊन चहाच्या कपापुढे आकडा जाहीर करायचे: नऊ नऊ नऊ पाच आठ. रेडिओवर वेळ सांगतात त्याच आवाजात. तलाव घरापासून दोनशे दहा किलोमीटर. तिथवर चालवत नेली तर शून्य वाटेतच कुठल्या तरी गोदामाच्या भिंतीपाशी येऊन जाणार. तेव्हा तिला दादाच्या ट्रकमागे जोडून ओढत न्यायची, म्हणजे बेचाळीसच्या बेचाळीस शाबूत राहतील, ही कल्पना सुचली कुणाला, तर मला.

मला सुचावी यातच सगळी गंमत आहे. मी वजनमापांच्या कचेरीत निरीक्षक आहे. गेली बावीस वर्षं टॅक्सीचे मीटर तपासते. टॅक्सीची मागची चाकं लोखंडी रोलरवर चढवायची, फिरवायची, आणि तेवढ्या अंतरात मीटर किती मोजतो ते पाहायचं, मग सही करायची. आकडा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी आजवर सही केलेली नाही, आणि त्यावरून कचेरीत माझी भरपूर टिंगलही होते. टॅक्सीवाले हुज्जत घालतात, मॅडम, गाडी तर जागेवरच उभी आहे, भाडं कसलं चढतंय. त्यांना मी शांतपणे सांगते की चाक फिरलं की आकडा फिरणार, आत कोण बसलंय याच्याशी मीटरला देणंघेणं नाही. हे वाक्य मी दिवसातून दहा वेळा म्हणते. आणि घरच्या गाडीच्या बाबतीत तेवढंच नेमकं डोक्यातून गेलं. बहुतेक त्या दोन महिन्यांत धाकटी माझ्या लेखी गाडी राहिलीच नव्हती, बरणीत झाकून ठेवलेली वस्तू झाली होती, आणि बरणी उचलून नेली तर आतलं कमी होत नाही. काल संध्याकाळी गॅरेजवाल्या मेस्त्रींनी तो लोखंडी त्रिकोणी दांडा तिच्या पुढच्या बंपरखाली पक्का केला, साखळी लावली, किल्ली अर्धी फिरवून स्टिअरिंग मोकळं केलं. हँडब्रेक सोडा, गिअर न्यूट्रलला, आणि दर पन्नास किलोमीटरला थांबून इंजिन दोन मिनिटं चालू करा म्हणजे गिअरबॉक्सला तेल पोचेल, एवढं त्यांनी सांगितलं. मीटरबद्दल ते बोलले नाहीत. आम्ही इंजिनाचे लाड करतोय असंच त्यांना वाटलं असणार.

ट्रकच्या डॅशबोर्डवर मी वाकून पाहिलं. घरून निघताना दादाने ट्रिपचा आकडा शून्य केला होता, आता तिथे छत्तीस होते. सहा उरले. नाही, सहाच उरले असं म्हणता येत नाही, ट्रकच्या आणि धाकटीच्या मोजण्यात शंभराला पाचचा फरक सहज निघेल, म्हणजे शून्य ट्रकच्या चाळिसाव्या किलोमीटरलाही येतील आणि चव्वेचाळिसाव्यालाही. मला घाम फुटला, आणि खरं सांगायचं तर त्याच वेळी आतून आनंदाच्या उकळ्याही फुटत होत्या. लाज वाटत होती, आणि तरी शाळेत निकालाच्या दिवशी नाव पुकारायच्या आधी छाती धडधडायची तशी धडधडत होती. एकोणपन्नास वर्षं ज्याची वाट पाहिली ते आत्ता, या क्षणी, आमच्या पाठीमागे वीस फुटांवर रिकाम्या गाडीत एकेक नऊ करत जमत होतं. मी आरशातून नजर हलवू शकत नव्हते. मीटर काही दिसत नव्हता, दिसत होतं फक्त ते स्टिअरिंग, बारीक बारीक डावी-उजवीकडे हलणारं. मधे बाबा दादाला तलावाबद्दल सांगत होते. पाणी सकाळी वेगळं दिसतं, दुपारी वेगळं, तुझ्या आईने चपला हातात घेतल्या होत्या, असं काहीबाही. दादा हूं हूं करत होता. तो काचेचा व्यापारी. हा ट्रक एरवी उभ्या लावलेल्या काचांनी भरलेला असतो, त्यामुळे रिकामा असला तरी तो खड्डा आला की तान्ह्या मुलाला पाळण्यात ठेवावं तसा हळूच उतरवतो. धाकटीला तो भंगार म्हणतो. तोंडावर म्हणतो, बाबांच्या देखत, आणि बाबा ऐकू न आल्यासारखं करतात.

ऐकू न येण्याचं सोंग त्यांना शोभत नाही. उभा जन्म त्यांचा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेला. त्या वेळी डायल फिरवणारे फोन होते, आणि तिकडे एक्स्चेंजमध्ये कपाटंच्या कपाटं नंबराबरोबर खटखटायची. शेकडो खटक्यांतला एक चुकीचा खटका बाबा कानाने पकडायचे. घरी कुणी फोन लावला की आतल्या खोलीत पेपर वाचता वाचता ते सांगायचे कुणाला लावलाय ते, डायल परत येतानाचा आवाज मोजून. कॉलेजात असताना मी एका मुलाला चोरून फोन करायचे. तिसऱ्या दिवशी बाबांनी तो नंबर मला पाठ म्हणून दाखवला आणि वर, मुलगा बरा आहे का, एवढंच विचारलं. मुलगा बरा नव्हता. हे सगळं मला सदतीसाव्या आणि अडतीसाव्या किलोमीटरच्या मधे आठवत होतं, का ते कळत नव्हतं, मन नको तिथे फिरत होतं. त्यातच तो विचार आला. गाडी थांबवायची, खाली वाकायचं आणि केबलचं टोक सोडायचं. दोन बोटांचं काम, वर एक फिरकी असते. मग राहिलेले दोन-तीन किलोमीटर तलावापर्यंत जसेच्या तसे. बाबांना सांगायचं की बेचाळीस शिल्लक होते ते तलावाच्या रस्त्यावरच सरले, नाहीतर काहीच सांगायचं नाही. जुन्या गाड्या विकणारे ही युक्ती करतात. सात जणांवर मी स्वतः खटले भरलेत, आणि कोर्टात उभी राहून या गोष्टीला काय म्हणतात ते त्यांना सुनावलंय.

मी दादाला थांब म्हटलं. तो म्हणाला, मेस्त्रींनी पन्नासला सांगितलंय. मी म्हटलं, आत्ता थांब. त्याने माझ्याकडे पाहिलं, बहुधा मला मळमळतंय असं वाटलं त्याला, पण थांबणार कुठे, एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला उतार, मागे गाड्यांची रांग. एकोणचाळीस झाले. माझा पाय ट्रकच्या जमिनीवर ब्रेक दाबल्यासारखा रुतला होता. चाळीस झाले आणि डाव्या हाताला सिमेंटचे पाइप करणाऱ्या कारखान्याची लांबच लांब भिंत लागली, तिच्यापुढे मोकळी जागा होती. दादाने धाकटीला जराही झटका न देता ट्रक तिथे नेऊन उभा केला. पूर्ण थांबायच्या आत मी उडी मारली आणि धावले. शेहेचाळीस वर्षांची सरकारी बाई रस्त्याकडेला धावताना कशी दिसते ते मागच्या गाड्यांनी पाहून घेतलं. काचेला हातांची ओंजळ लावून आत डोकावले. नऊ, नऊ, नऊ, नऊ, आणि शेवटी आठ, तोही अर्धा वर सरकलेला, त्याच्या खालून नऊचं डोकं वर येत होतं. दीड किलोमीटर राहिला होता. मी तिथेच धाकटीच्या दाराला टेकून हसायला लागले, आणि हसता हसता मला रडू आलं.

बाबा एकटेच उतरले होते. ट्रकच्या बाजूला हात लावत ते मागे आले, मग दांड्यावर हात ठेवून, मग धाकटीच्या बॉनेटवर. मी त्यांना सगळं सांगितलं. माझी चूक कशी झाली तेही सांगितलं, टॅक्सीवाल्यांना म्हणायच्या वाक्यासकट. दादा शेजारी येऊन उभा राहिला होता, आणि तो चेष्टा करेल म्हणून मी त्याच्याकडे बघायचं टाळलं, पण त्याने केली नाही. शेवटी मी केबलचंही बोलले. दोन मिनिटांत सोडते, म्हटलं, दीड किलोमीटर तसाच राहील, तलावावर तुमचे शून्य तुम्हाला मिळतील.

बाबांनी बॉनेटवरची धूळ बोटाने पुसली. म्हणाले, "इन्स्पेक्टर, ती चालतेय ना?"

"चालतेय. म्हणजे ओढली जातेय."

"पण चालतेय. मग मोजू दे तिला."

 बरं, मग निदान तिला सोडवू, दादा म्हणाला, दोन बोल्ट आहेत, पाना आहे माझ्याकडे, बाबांना बसवून तू चालव, तेवढं तरी नीट होऊ दे. दादा असं म्हणाला, भंगार म्हणणारा दादा. तो पाना आणायला वळलासुद्धा. बाबांनी त्याला हात करून थांबवलं.

"सोडू नका. इंजिन चालू झालं की ऐकू येणार नाही."

ऐकायचं काय आहे, मी विचारलं, बघायचंय ना. आणि विचारता विचारताच मला सकाळपासूनची, नव्हे, दोन महिन्यांपासूनची त्यांची तिरकी मान दिसली, कठड्यावरचा हात दिसला, नकाशावरचा दोरा माझ्याच हातात का होता ते दिसलं. ते धाकटीच्या खिडकीकडे तोंड करून उभे होते, मीटर त्यांच्यापासून हातभर अंतरावर.

"किती दिसतायत, बाबा?" मी विचारलं.

"काच दिसते," ते म्हणाले. "चकाकते म्हणून."

रोज सकाळचा तो आकडा त्यांनी वाचला नव्हता. तो बदलत नव्हता म्हणून त्यांना पाठ होता. डोळ्यांच्या डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्यांनी तिथेच, पाइपांच्या कारखान्यासमोर, चार वाक्यांत सांगून टाकलं, आणि लगेच म्हणाले की सुट्टीला निघालोय, तोंडं पाडू नका, आणि मागे कुणी हॉर्न देण्याआधी बसा. तलावाचं पाणी सकाळी वेगळं आणि दुपारी वेगळं, हे ते आम्हाला का सांगत होते ते मला आत्ता कळलं. मला ओरडावंसं वाटलं त्यांच्यावर. आणि तरीही, कबूल करते, छातीतली ती धडधड थांबली नव्हती. दीड किलोमीटर अजून होता.

ओढल्या जाणाऱ्या गाडीत माणसं बसवू नयेत असा नियम आहे, आणि तो मला इतर कुणाहीपेक्षा जास्त चांगला ठाऊक आहे. मी बाबांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं आणि स्वतः त्यांच्या शेजारी बसले. दोन्ही काचा वर केल्या. दादाला सांगितलं, काच भरलीय असं समज. तो म्हणाला, भरलीच आहे. ट्रक हलला तो कळलासुद्धा नाही, फक्त भिंत मागे सरकायला लागली. किती शांत होतं. धाकटीतून मी आयुष्यभर फिरले, तिच्यात गिअर टाकायला शिकले, क्लच सोडताना दहादा बंद पाडली, पण तिचा आवाज नाही अशी मी तिला कधीच ऐकली नव्हती. टायर रस्त्यावर सरकत होते, मागे कुठेतरी एक पत्रा बारीक कुरकुरत होता, आणि समोर, मीटरच्या काचेआड, मुंगी चालावी इतपत एक सरसर चालू होती. बाबांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. पकडू नका, मी म्हटलं, त्याचं ते फिरू दे. त्यांनी पंजे सैल सोडले आणि ते चाक त्यांच्या हातांखाली आपसूक इकडेतिकडे होऊ लागलं. ते हसले. आकडा सांगू नकोस, म्हणाले.

मी सांगितला नाही. आठ वर गेला, नऊ पूर्ण बसला. पाच नऊ एका रांगेत, पांढरे, जरासे पिवळट. शेवटचा नऊ हळूहळू सरकू लागला, आणि सगळं शरीर माझं त्या बोटभर चौकटीत जाऊन बसलं. भिंत संपतच नव्हती. पाइप रचलेले होते, एकात एक घातलेले, एकावर एक. नऊ पाव सरकला, अर्धा सरकला. आई असती तर आत्ता काय म्हणाली असती, अहो, झोपा काढतेय तुमची ती. नऊ पाऊण सरकला आणि त्याच्या शेजारचे चारही नऊ थरथरल्यासारखे वाटले, की माझेच डोळे भरले होते, आणि मी पापणी पुसायला मान वळवली तेव्हा बाबांचा चेहरा दिसला. त्यांनी डोळे मिटले होते. ओठ किंचित उघडे, मान तिरकी, कपाळावर एकही आठी नाही. तसा चेहरा मी एकदाच पाहिला होता, लहानपणी, एक्स्चेंजमध्ये डबा द्यायला गेले होते तेव्हा, दोन कपाटांच्या मधल्या बोळात ते उभे होते आणि मला बघूनही त्यांनी बोट वर केलं होतं, थांब. मी त्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. समोर काहीतरी वाजलं की नाही मला माहीत नाही, मला ऐकू आलं नाही. बाबांनी डोळे उघडले.

"झालं," ते म्हणाले. "पाची एकदम."

मी समोर पाहिलं. पाच शून्य होते. नीट बसलेले, जणू पहिल्यापासून तिथेच होते.

मी हॉर्न वाजवला. ठरलेली खूण. दादाने ट्रक कडेला घेतला, आणि तो कधी उतरला, कधी धावत आला ते कळलंच नाही, दार उघडून त्याने डोकं आत घातलं तेव्हा त्याला धाप लागली होती. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाचे डोळे इतके मोठे झालेले मी पाहिले नव्हते. त्याने मीटरकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, पुन्हा मीटरकडे. मला नाही दिसलं, म्हणाला, आरशात नुसती तुम्हा दोघांची टाळकी दिसत होती. कसं झालं, नीट सांगा.

बाबांनी सीटवर पाठ टेकली आणि सांगायला सुरुवात केली. आधी उजवीकडचा नऊ हळू चढला, म्हणाले, लोंबकळत राहिला, वाटलं अडकतोय की काय. मग त्याने शेजारच्याला धरलं, त्याने त्याच्या शेजारच्याला, आणि मग पाचही जण एका दमात उठले, पंगत उठते तसे. एक क्षण मधे काहीच नव्हतं, नुसती पांढरी पट्टी, आणि मग खालून शून्य आले, आधी डोकी, मग पोटं, आणि खट करून बसले. शेवटचा किंचित उशिरा बसला. ते हातांनी दाखवत होते, बोटं उचलत होते, खाली आणत होते, आणि दादा लहान मुलासारखा त्या बोटांकडे बघत होता. सांगून झाल्यावर बाबांनी मीटरच्या काचेवरून रुमाल फिरवला.

दादा माझ्याकडे वळला. "खरंच, असंच झालं?"

बावीस वर्षं मी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय सही केलेली नाही.

"अगदी असंच," मी म्हणाले.